रिपोर्टमधलं ईजीएफआर म्हणजे काय?

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, रिपोर्टमध्ये 'ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह' आलंय. म्हणजे काय हो? – एक वाचक, लालबाग

उत्तर: ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) हे ५३ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, पेशीला वाढायचा निरोप देणारं. ते आत शिरत नाही हां, बाहेरच ईजीएफआर या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, मग दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि रास, राफ, मेक, अर्क या पेशीतल्या प्रोटीनांमधून निरोप सरकत केंद्रकापर्यंत जातो, विभाजन सुरू करून देणारं सायक्लिन डी हे प्रोटीन वाढतं नि पेशी विभाजनाला लागते. ईजीएफआरच्या जनुकात म्युटेशन, म्हणजे बदल, झालं की हा निरोप दाराच्या अडकलेल्या बेलसारखा वाजतच राहतो, बेल कोणी दाबली नसली तरी. ईजीएफ शोधणाऱ्या स्टॅनली कोहेनना १९८६चं नोबेल मिळालं. म्युटेशन सापडलं ही तशी चांगलीच बातमी, कारण ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या हाच रिसेप्टर अडवतात. बाबांना कुठली चालेल ते ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा.