क्विन म्हणजे राणी नव्हे

प्रश्न : आम्ही डब्लिनला असतो. येणाऱ्या बाळाचं नाव, मुलगा असो वा मुलगी, ‘क्विन’ ठेवायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, याचा अर्थ राणी. एका यादीत ‘पाचवा’ असा दिलाय. खरं काय?

उत्तर : दोन्ही नाही. ‘पाचवा’ हा लॅटिनमधल्या क्विंतुसचा अर्थ, आणि राणीचा घोळ उच्चारामुळे झाला आहे.

क्विन हे मुळात आडनाव. त्याचं आयरिश रूप ‘ओ कुइन’. ‘ओ’ म्हणजे नातू, आणि त्यावरून वंशज. ‘कुइन’ हे ‘कॉन’ या जुन्या पुरुषनामाचं षष्ठीचं रूप. आपण ‘देव’चं ‘देवाचा’ करताना प्रत्यय लावतो. आयरिशमध्ये इथे प्रत्यय लागत नाही, शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो. तेव्हा अर्थ सरळ आहे : कॉनचा वंशज. जुन्या आयरिशमध्ये ‘कॉन’ म्हणजे विवेक, तसाच प्रमुखही. याद्यांमध्ये ‘शहाणा’ येतो तो इथून, पण तो आजोबांच्या नावाचा अर्थ आहे.

‘शंभर लढायांचा कॉन’ हा दंतकथेतला राजा फार प्रसिद्ध. तरी सगळे क्विन त्याचे नव्हेत. क्लेअर, लाँगफर्ड, टायरोन इथली घराणी वेगवेगळ्या कॉनपासून निघाली. पारंपरिक आयरिश वर्णमालेत ‘क्यू’ अक्षरच नाही. इंग्रजी लेखनात ते आलं आणि ‘ओ’ बहुतेकांचा गळाला.

मुलीला नाव खुशाल ठेवा. आडनाव म्हणून आयरिशमध्ये मुलगी ‘नी ख़ुइन’ लावते, पण पहिलं नाव म्हणून क्विनला लिंगभेद नाही.

खरी अडचण देवनागरीत येईल. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहितात : वकील, जमीन. त्या सवयीने कोणीही ‘क्वीन’ लिहील आणि बाळ राणी होऊन बसेल! विशेषनाम आहे, ऱ्हस्वच ठेवा. पत्रिकेवर, बारशाच्या आमंत्रणावर ‘क्विन्’ असा न चा पाय मोडलात तर आणखी बरं.

रोमन लिपीत शेवटी दोन ‘एन’ लिहा. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी 3 महिन्यांच्या आत करायची असते. बाळाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर भारतीय दूतावासातली नोंद 1 वर्षाच्या आत. दोन्हीकडे स्पेलिंग अक्षरशः एकच द्या. एक ‘एन’ कमी पडला तरी पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.