वाचक विचारतात : ‘बायनरी डोमेन’मधले रोबो पडत का नाहीत?

सेगाचा ‘बायनरी डोमेन’ हा गेम फेब्रुवारी २०१२मध्ये कन्सोलवर आला आणि त्याच वर्षी संगणकावरही. ‘याकुझा’ मालिका करणाऱ्या, तोशिहिरो नागोशी यांच्या चमूनेच तो केला. तरी त्याचा फारसा गवगवा झाला नाही. वर्ष २०८०. समुद्र चढल्यामुळे जुनं तोक्यो खाली बुडालंय आणि नवं शहर त्याच्यावर उभं आहे. माणसासारखा दिसणारा रोबो बनवायला ‘न्यू जिनिव्हा करारा’च्या २१व्या कलमाने बंदी आहे. तरीही आपण रोबो आहोत हे स्वतःलाच माहीत नसलेला एक जण सापडतो. संशय अमाडा कंपनीवर जातो. त्या कंपनीच्या मालकाला पकडायला निघालेल्या ‘रस्ट क्रू’ या पथकातला डॅन मार्शल म्हणजे तुम्ही. या गेमबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

साधा रोबो पाडायलाही अख्खं मॅगझिन संपतं. बंदूक कमकुवत आहे की माझा नेम?

दोन्ही ठीक आहेत, गोळ्या तेवढ्या चुकीच्या जागी जात आहेत. इतर शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, छातीवर फैर झाडायची सवय लागते. इथे छाती हाच सर्वांत जाड पत्र्याचा भाग. तिथे मारलेल्या गोळीने पत्र्याचा एक तुकडा उडतो, खालची तारांची जाळी दिसते, आणि रोबो तसाच पुढे येत राहतो. पत्रे असे तुकड्यातुकड्याने निघताना पाहणं हीच या गेमची खरी मजा आहे. पण छातीवरच अडून बसलात तर त्यात फक्त गोळ्या जातात.

नेम अवयवांवर धरा. प्रत्येक अवयव तुटल्यावर रोबो वेगळा वागतो.

डोकं उडालं की रोबोला शत्रू-मित्र कळेनासा होतो आणि तो शेजारच्या रोबोंवरच गोळ्या झाडू लागतो. बाकीचे त्याच्याकडे वळतात. तुम्हाला आडोशामागे मॅगझिन बदलायला आणि जागा हलवायला चार-सहा सेकंद मिळतात. म्हणून घोळक्यातल्या सर्वांत पुढच्या रोबोचं डोकं उडवू नका, मधल्या किंवा मागच्याचं उडवा. पुढच्याचं उडवलंत तर त्याला पाठ फिरवून मागे वळावं लागतं आणि तोवर बाकीचे तुमच्यापर्यंत पोचतात. मधला बिघडला की दोन्ही बाजूंची रांग फुटते. त्या गोंधळात बिनडोक रोबोला मात्र मारू नका. तो तुमचंच काम करतोय, त्याला करू द्या.

पाय तोडले की रोबो खाली पडतो, पण संपत नाही. हातांवर सरपटत येतो आणि जवळ आला तर तुमचा पायच धरतो. नवखे खेळाडू इथे हमखास फसतात. पाय तुटलेला रोबो मेला असं धरून नेम दुसरीकडे नेतात आणि दहा सेकंदांनी खालून हात येतो. अंतर भरपूर असेल, तुम्हाला धावणाऱ्यांची गती कमी करायची असेल, तर पाय जरूर तोडा. अरुंद बोळात तोडू नका.

बंदुकीचा हात तोडला तर शस्त्र खाली पडतं. काही वेळा तोच रोबो दुसऱ्या हाताने ते उचलतो. हा उपाय सर्वांत कमी टिकतो. पण ढाल घेतलेल्या किंवा लांबून नेमका मारणाऱ्या रोबोसाठी तो कामाचा आहे.

डॅनच्या रायफलला दुसरा मारा आहे : शॉक बर्स्ट. तो भरायला वेळ लागतो, पण जवळ आलेल्या रोबोला उलथून पाडतो. ‘आता गोळ्या संपल्या’ असं वाटतं त्या क्षणासाठी तो राखून ठेवा. लांबच्या रोबोवर वाया घालवू नका.

मोठ्या यांत्रिक शत्रूंसमोर रॉकेटही पुरत नाहीत.

तत्त्व तेच : आधी वरचे पत्रे, मग आतला उघडा भाग. पत्रा शाबूत असताना मारलेलं रॉकेट निम्मं वाया जातं. रायफलने एकाच ठिकाणी सतत मारून पत्रा उडवा, खालचा भाग दिसला की रॉकेट सोडा. लढाईच्या जागेत रॉकेटचा किंवा गोळ्यांचा साठा बहुतेक वेळा ठेवलेला असतो. पहिल्याच मिनिटात एक फेरी मारून तो कुठे आहे ते हेरा. कोपऱ्यात एकाच आडोशामागे बसून राहिलात तर तो दिसणारच नाही आणि आडोसाही टिकणार नाही.

सोबती मी सांगितलेलं ऐकत नाहीत. उलट माझ्यावरच चिडतात.

प्रत्येक सोबत्याचा तुमच्यावरचा विश्वास वेगळा मोजला जातो. तो खाली गेला की आदेश नाकारले जातात. वाढवायचे मार्ग दोन : त्यांच्यासमोर चांगलं लढणं आणि संभाषणात योग्य उत्तर देणं. पण योग्य म्हणजे सभ्य असं नाही. बिग बो हा डॅनचा जुना मित्र आहे, त्याला थट्टा आणि रांगडं बोलणं भावतं. एमआय-६ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेचा चार्ली शिस्तीचा माणूस, त्याला मोजकं आणि कामाचं उत्तर लागतं. सर्वांना सारखंच ‘हो’ म्हटलंत तर एकाचा विश्वास वाढेल आणि दुसऱ्याचा घटेल.

विश्वास सर्वांत जास्त जातो तो तुमची गोळी सोबत्याला लागल्याने. गेमची इथे एक खरी उणीव आहे : सोबती तुमच्या नेमाच्या आडवे धावत येतात आणि दोष तुम्हालाच लागतो. त्यावर उपाय करता येतो. सोबत कोण घ्यायचं हे विचारलं जातं तेव्हा दोघेही जवळून लढणारे घेऊ नका. बोसारखा पुढे घुसणारा घेतलात तर दुसरी सोबती म्हणून फे हिला घ्या, ती स्नायपर आहे आणि लांबून मारते. शिवाय लढाई सुरू होताना स्वतः एका कडेला जा. तुम्ही मधोमध असलात की डावी-उजवीकडे जाणारा प्रत्येक जण तुमच्या समोरूनच जातो.

हा विश्वास शेवटच्या प्रसंगांपर्यंत मोजला जातो, तिथे कोण काय करतं ते त्यावर ठरतं. म्हणून एका लाडक्या सोबत्याला घेऊन सगळा गेम खेळू नका. आलटून पालटून सर्वांना न्या.

माइकवर आदेश देता येतात असं ऐकलं. आमच्या उच्चारांना चालेल का?

चालतं, पण भरवसा ठेवू नका. गेम इंग्रजी, जपानी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश ओळखतो. भारतीय भाषा एकही नाही. इंग्रजी निवडली तर पूर्ण वाक्य बोलू नका, ‘फायर’, ‘रीग्रुप’ असा एकच शब्द ठसठशीत उच्चारा. आपल्याकडे मुख्य अडचण उच्चारांची नसते, घरातल्या आवाजाची असते. डोक्यावरचा पंखा, शेजारच्या खोलीतला टीव्ही, स्पीकरमधून येणारा गेमचाच गोळीबार, हे सगळं माइक ऐकतो आणि त्यातून भलताच शब्द उचलतो. तुम्ही न बोललेलं उत्तर सोबत्याला जातं आणि विश्वास घटतो. स्पीकरऐवजी हेडसेट वापरा आणि माइक तोंडाजवळ आणा. तरी गोंधळ झाला तर माइक बंद करून टाका. आदेशाचं बटण दाबून धरलं की पडद्यावर पर्याय येतात, त्यातला एक बटणाने निवडता येतो. गेम पूर्ण खेळायला तेवढं पुरतं.

क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, कशावर खर्च करू?

आधी डॅनची रायफल. ती शेवटपर्यंत तुमच्या हातात राहते. वाटेत उचललेली शस्त्रं गोळ्या संपल्या की टाकावी लागतात. तिच्यात आधी मारक्षमता आणि नेमातली स्थिरता वाढवा, कारण अवयवांवर मारायचं तर नळी उडून चालत नाही. त्यानंतर प्रथमोपचाराच्या पेट्या. तुम्ही कोसळलात की त्या पेटीने उठता येतं. पेटी नसेल आणि सोबती लांब असेल तर खेळ तिथेच थांबतो. खरेदीच्या प्रत्येक यंत्रापाशी पेट्या भरून घ्या. उरलेल्यात सोबत्यांच्या बंदुका.

नॅनोमशीन म्हणजे तुमची किंवा सोबत्याची क्षमता वाढवणारे भाग. ती चौकटीत बसवावी लागतात आणि प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. मोठं घेण्याआधी ते बसतंय का पाहा, दोन लहान बरेचदा जास्त उपयोगी पडतात.

संगणकावर काय सांभाळायचं?

रिझोल्यूशन आणि नियंत्रणांची मांडणी गेमसोबत येणाऱ्या वेगळ्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये असते. गेम सुरू करण्याआधी तो एकदा उघडा. शक्य असेल तर गेमपॅडच लावा, गेम कन्सोलसाठी बनला आहे हे माउसवर खेळताना जाणवत राहतं. ऑनलाइन खेळासाठी घेणार असाल तर घेऊ नका, तिथे आता कोणी भेटत नाही. कथेचा भाग एकट्यानेच खेळायचा आहे.

संपल्यावर असाच दुसरा?

‘व्हँक्विश’. प्लॅटिनमगेम्स, दिग्दर्शक शिंजी मिकामी, २०१०. त्यातही रोबो आहेत, पण खेळायची रीत उलटी : आडोशामागे थांबायचं नाही, गुडघ्यांवर घसरत राहायचं. घसरणं आणि वेळ मंदावणं एकाच ऊर्जेवर चालतं आणि जवळून मारलेला एक ठोसा ती ऊर्जा पूर्ण संपवतो. ठोसा मारून झाल्यावर जवळ आडोसा असेल तरच मारा. संगणकावर तो २०१७मध्ये आला. फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वाढला की अंगावर बसणारा मारही वाढायचा, असा त्यात सुरुवातीला दोष होता. तो पुढे दुरुस्त झाला, म्हणून जुनी प्रत असेल तर आधी अपडेट करून घ्या.