साप्पोरोला जेलवर पोस्टडॉक, सहकुटुंब यावं का?

तुम्ही विचारलंय, जपानमधल्या साप्पोरोची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, ऑफर आहे, विषय जेल (तुरुंग नव्हे, पाण्याने फुगलेला लिबलिबीत पदार्थ), म्हणजे एकमेकांत अडकलेल्या चार्जवाल्या पॉलिमर जाळ्यांतून, लांब साखळीसारख्या रेणूंच्या जाळ्यांतून, रेणू कसे सरकतात, बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी, तर यावं का. व्हिसाचं सगळं साइटवर आहे, ते सोडतो.

काम म्हणाल तर डोळे झाकून या. डबल नेटवर्क जेल इथलंच, होक्काइदो विद्यापीठातल्या गाँग यांच्या ग्रुपचा 2003 चा पेपर. पहिली जाळी पॅम्प्स नावाच्या पॉलिमरची, त्यावरच्या सल्फोनेट गटांमुळे निगेटिव्ह, आणि ठिसूळ, तिच्या आतच पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडची दुसरी मऊ जाळी वाढवायची, मग दोघींत बंध नसला तरी त्या सुट्या होत नाहीत. बाकी जवळपास सगळं पाणीच. त्यामुळे वाटतं आत काहीही आरामात फिरेल, आणि छोटा बिनचार्जचा रेणू बराचसा फिरतोही. पण ऱ्होडामाइन 6जी हा चमकणारा रंग टाकून बघा, ते पॉझिटिव्ह, प्रत्येक सल्फोनेटपाशी मुक्काम करत जातं. फ्लुओरेसीन हा दुसरा रंग निगेटिव्ह, ते आत शिरायलाच कुरकुरतं. मायक्रोस्कोपखाली लेझरने एक ठिपका विझवायचा आणि आजूबाजूचा रंग तो भरतो का बघायचं. चहा पिऊन या, ऱ्होडामाइनचा ठिपका काळाच. मीठ घातलं की सोडियम सल्फोनेटभोवती गर्दी करतो, रंगाची पकड सुटते, ठिपका भरायला लागतो. पण मिठाने जेल आकसतंही, म्हणजे भोकं लहान होतात, आणि हे दोन परिणाम वेगळे काढताना जीव जातो. प्रोफेसरना हे आधीच विचारा, नुसतं 'डिफ्युजन (रेणूंचं पसरणं) मोजायचंय' म्हणाले तर समजून जा, की या गुंत्याचा विचार झालेला नाही.

एकटेपणा. होतो. बर्फ पडला की जास्त होतो. पुढे.

खरा ताप कागदांचा. माझ्या मुलीच्या पासपोर्टवर आपल्याकडच्या पद्धतीने तिच्या नावाला चिकटून माझं नाव. वॉर्ड ऑफिसने ते तसंच काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, उतरवलं, शाळेने तिथून उचललं, आणि पहिलं अख्खं सत्र बाईंनी तिला 'मिरिंदो-सान' म्हणून हाक मारली. मिलिंद मी आहे हो! सांगितलं तर वाकून सॉरी म्हणाल्या आणि म्हणे कागद बदलल्याशिवाय यादी बदलत नाही. वर शाळेच्या जेवणात प्रत्येक सूपला माशाचा दाशी, म्हणजे अर्क, म्हणून मुलीचा डबा वेगळा, म्हणजे नाव पण वेगळं आणि ताट पण. ती कधी रडली नाही, हेच मला जास्त लागतं. आता तिचा गृहपाठ मला वाचता येत नाही, तीच मला शाळेच्या नोटिसा समजावून सांगते, आणि बायको दर मार्चला, इथलं शाळेचं वर्ष संपलं की, विचारते की परत जायचं का, आणि मी म्हणतो या पेपरनंतर बघू. पेपर काय, संपत नसतात.

तरी या म्हणेन. फक्त मुलीचा पासपोर्ट अजून काढला नसेल तर जन्मदाखला बघा, आणि जमत असेल तर गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं एकटीचंच नाव टाका.