वाचकांचे प्रश्न : रुळांवरचे प्रार्थनागृह

प्रश्न : अमेरिकेतील फिरत्या रेल्वे-चर्चच्या पार्श्वभूमीवरील एक प्रेमकथा वाचनात आली. धर्मोपदेशक आणि त्याची पत्नी रेल्वेच्या डब्यातच संसार करतात, असे खरोखर घडत असे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होय, आणि ही हकिकत कादंबरीइतकीच हृद्य आहे. १८९० मध्ये नॉर्थ डाकोटा राज्यातील एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे बिशप (वरिष्ठ धर्मगुरू) विल्यम वॉकर यांनी असा पहिला डबा सुरू केला; पाठोपाठ १८९१ मध्ये बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा ‘इव्हँजेल’ नावाचा डबा आला आणि १९१५ पर्यंत बाप्टिस्टांचे असे सात डबे झाले. लोहमार्गाबरोबर पश्चिमेकडे वस्त्या वाढत होत्या, परंतु तेथे अनेक ठिकाणी चर्च नव्हते. म्हणून रेल्वे कंपन्या हे डबे बहुधा विनामूल्य ओढून नेत आणि बाजूच्या रुळावर उभे करून ठेवत. डब्याच्या बहुतेक भागात बाके, व्यासपीठ व ऑर्गन असे, तर एका टोकाच्या चिंचोळ्या खोल्यांत दांपत्याचे स्वयंपाकघर आणि शेज. पत्नी ऑर्गन वाजवी, मुलांची रविवारची शाळा चालवी, आणि हे सारे इंजिनांच्या धुरात व घरच्या माणसांपासून दूर राहून. माझ्या मते, त्या काळाच्या नोंदींत पतीचेच नाव ठळक राहिले, हा तिच्यावर झालेला अन्याय आहे. तिला कथेच्या केंद्रस्थानी आणणारी कादंबरी म्हणूनच मला मोलाची वाटते. बाप्टिस्टांच्या सात डब्यांपैकी ‘मेसेंजर ऑफ पीस’ हा १८९८ चा डबा वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी येथील रेल्वे संग्रहालयात जतन केलेला आहे.