मुंबईच्या दमट हवेत कोणती शोभेची झाडं टिकतील?

तळमजल्यासमोर छोटी बाग, सकाळचं तीनेक तास ऊन, तर लावायचं काय, असं विचारलंय तुम्ही.

डोळे मिटून सोनटक्का लावा. त्याला ओल आवडते, अर्धी सावली चालते आणि ऐन पावसाळ्यात तो फुलतो. संध्याकाळी एकेक पांढरी कळी उमलली की जिन्यापर्यंत वास जातो. कंद मात्र पसरतात, म्हणून कडेला लावा. सोबत तगर आणि हेलिकोनिया (केळीसारख्या पानांचं फुलझाड). क्रोटनही जगेल, पण ऊन कमी पडलं की पानांचे रंग उतरून ती हिरवी पडतात.

जास्वंद हवीच असेल तर सगळ्यात उन्हाच्या कोपऱ्यात. शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासून काढा. माझा निम्मा रविवार त्यातच जातो.

नर्सरीवाला लॅव्हेंडर दाखवेल. घेऊ नका, जुलैत मुळं कुजतात. पिटुनिया नोव्हेंबरनंतर, तेही थंडीपुरतंच. अडेनियम (जाड बुंध्याचं फुलझाड) कुंडीत ठेवा आणि पावसात छपराखाली सरकवा, नाहीतर बुंधा पिलपिलीत होतो.

लावण्याआधी मातीत वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. पाणी साचलं तर सोनटक्क्याशिवाय फारसं काही उरणार नाही.