वर्गणीच्या (सबस्क्रिप्शनच्या) धंद्यासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, घेताय?

कमिशन दोन टक्के की पावणेदोन, एवढ्यावरच घासाघीस करत बसू नका. त्यावर सहसा १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशेब मांडा. आधी विचारा, कोणत्या बँकांच्या कार्डांवर ई-मँडेट (ठरल्या वेळी पैसे आपोआप कापायची ग्राहकाची आगाऊ परवानगी) चालतं? ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. रक्कम १५,००० रुपयांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी (विमा, म्युच्युअल फंडाला सवलत आहे, तुम्हाला नाही). म्हणजे वार्षिक प्लॅन १८,०००चा ठेवलात तर नूतनीकरण आपोआप होणार नाही आणि गिऱ्हाईक तिथेच गळेल. त्यापेक्षा मासिक हप्ते पाडा.

दुसरं, कार्डनंबर तुमच्याकडे नसतो, असतं ते टोकन, म्हणजे त्या नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक. उद्या गेटवे बदलला तर जुनी मँडेट सोबत नेता येतील का, हे आजच लेखी घ्या. सेल्सवाला इथे हमखास विषय बदलतो! माझ्या मते दरापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

यूपीआय ऑटोपे (यूपीआयवरून हप्ता आपोआप कापायची सोय) हवंच. रिफंड दिल्यावर कमिशन परत मिळतं का, तेही विचारा. बहुधा मिळत नाही.