वाचकांचे प्रश्न : परदेशी प्रमाणपत्र, इथूनच अर्ज

प्रश्न : महाडच्या रासायनिक कारखान्यात पाच वर्षं आपत्कालीन नियोजन पाहतो. अमेरिकेतल्या आयएईएम या आपत्ती व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘सीईएम’ (सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर) प्रमाणपत्रासाठी इथून अर्ज जमेल का?
– एक वाचक, महाड

उत्तर : जरूर जमेल. तीन वर्षांचा अनुभव, पदवी, तुमच्या कामाची खात्री देणाऱ्यांचे संदर्भ, व्यवसायातली सहा योगदानं (भाषण, लेख यांसारखी), निबंध आणि बहुपर्यायी परीक्षा, एवढं लागतं. खरी अडचण येते प्रशिक्षणाच्या तासांत. आपत्ती व्यवस्थापनाचे १०० तास आणि सर्वसाधारण व्यवस्थापनाचे १०० हवेत, पण एकाच विषयाचे २५ टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. म्हणजे अग्निसुरक्षेचे ६० तास झाले असले, तरी हिशेबात २५च. उरलेले पूर, निवारा, जनसंपर्क अशा विषयांतून भरा.

आपल्याकडच्या प्रमाणपत्रांवर नुसतं ‘तीन दिवसीय’ असतं, तास नसतात. आयोजकांकडून लेटरहेडवर तास आणि विषय लिहून घ्या. हे आजच करा, कारण अधिकारी बदलला की जुनी नोंद सापडत नाही. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. निबंधात दिलेल्या प्रसंगाचंच नियोजन मांडा, कारखान्याची माहिती नको. अनुभव कमी पडला तर आधी याच संघटनेचं ‘एईएम’ (असोसिएट इमर्जन्सी मॅनेजर) हे अलीकडच्या पायरीचं प्रमाणपत्र घ्या. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, मग नूतनीकरण.